क्लब बुडाल्यावर ओरडणार कोण?

इंडोनेशियात सुराबाया नावाचं बंदराचं शहर आहे. तिथे 1927 साली स्थानिक मंडळींनी फुटबॉलची एक संस्था काढली. देश डचांच्या ताब्यात होता, गोऱ्यांची फुटबॉल संघटना वेगळी होती आणि ही त्या मातीतल्या माणसांची होती. पुढे तिचं नाव ‘पर्सेबाया’ झालं. 1930 मध्ये योग्यकर्ता इथे राष्ट्रीय फुटबॉल महासंघ उभा राहिला, तेव्हा त्याच्या सात संस्थापकांत सुराबायाची संस्था होती. स्वातंत्र्याची घोषणा व्हायला अजून पंधरा वर्षं होती. देशाच्या आधी देशाचा महासंघ तयार झाला होता.

अशा क्लबवर 2010 नंतर वाईट दिवस आले. महासंघात भांडणं लागली, एकाच्या दोन लीग झाल्या आणि पर्सेबायाचेही दोन तुकडे पडले. एक तुकडा महासंघाच्या छत्राखाली खेळत राहिला, दुसरा बाहेर पडला. सुराबायाच्या चाहत्यांनी, म्हणजे ‘बोनेक’ म्हणवणाऱ्या पोरांनी, या बाहेर पडलेल्यालाच आपलं मानलं. त्यांनी मोर्चे काढले, महासंघाच्या सभा जिथे असतील तिथे जाऊन धरणं धरलं. नावाचा वाद कोर्टात गेला. अखेर जानेवारी 2017 मध्ये क्लबला सभासदत्व परत मिळालं आणि त्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद घेऊन तो वर आला. महासंघाच्या छत्राखाली राहिलेला तुकडा नावं बदलत बदलत पोलीस दलाच्या हाती गेला आणि ‘भायांगकारा’ या नावाने 2017 चा पहिल्या श्रेणीचा चषक जिंकला. म्हणजे मोठा चषक एकाला मिळाला आणि शहर दुसऱ्याच्या मागे उभं राहिलं.

वऱ्हाडातल्या अकोटात बसून सुराबायाची उठाठेव कशाला, असं कुणी विचारेल. आपल्याकडे कबड्डी, कुस्ती, टेनिस बॉलचं क्रिकेट, फुटबॉल त्यानंतर. पण प्रश्न चेंडूचा नाही. खेळाची संस्था नेमकी कुणाची असते, हा प्रश्न आहे, आणि त्याचं उलटं उत्तर आपल्याच राज्यात, पुण्यात, सापडतं.

पुण्यात 2007 मध्ये अशोक पिरामल समूहाने ‘पुणे एफसी’ काढला. ‘आय-लीग’ या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच हंगामात, 2009-10 मध्ये, तो तिसरा आला आणि 2012-13 मध्ये उपविजेता ठरला. 2014 मध्ये कल्याणी समूहाचा ‘भारत एफसी’ आला. तो जेमतेम एक हंगाम खेळला. 2015 मध्ये या दोघांनीही लीगमधून अंग काढून घेतलं. 1987 पासूनचा ‘शिवाजियन्स’ 2017 नंतर आय-लीगमध्ये दिसला नाही. उरला इंडियन सुपर लीगमधला ‘एफसी पुणे सिटी’. मालकांत सिनेनट होते, सुरुवातीला इटलीतल्या फिओरेंटिनाशी भागीदारी होती. 2019 मध्ये तोही आवरला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. ‘हैदराबाद एफसी’ने मार्च 2022 मध्ये गोव्याच्या फातोर्डा मैदानावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून सुपर लीग जिंकली. पुढे पैशाची चणचण आली, मालक बदलले आणि 2025 मध्ये बिऱ्हाड दिल्लीला हललं. पुणे, हैदराबाद, दिल्ली! यात्रेतल्या टुरिंग टॉकीजसारखं झालं हे. गल्ला कमी झाला की तंबू उतरवायचा आणि पुढच्या यात्रेला जायचं.

पुण्यात चाहते नव्हते असं नाही. नारिंगी जर्सी घालून बालेवाडीच्या मैदानावर येणारी, घसा बसेपर्यंत ओरडणारी पोरं होती. हळहळ त्यांनाही वाटली. पण सुराबायासारखं काही घडलं नाही, कारण त्यांच्या हातात तिकिटापलीकडे काहीच नव्हतं. नाव, रंग, जागा सगळं मालकाचं. दुकानदाराने दुकान बंद केलं तर गिऱ्हाईक कोणत्या तोंडाने भांडणार?

मात्र सगळा दोष कंपन्यांच्या माथी मारणंही बरोबर नाही. मुंबईचा फुटबॉल अनेक वर्षं कंपन्यांनी, गिरण्यांनी, रेल्वेने पोसला. खेळाडूला नोकरी मिळाली, घरात पगार आला, म्हणून तो तिशीपर्यंत खेळू शकला. महिंद्राचा संघ 1962 चा. 2005-06 ची राष्ट्रीय लीग त्याने जिंकली आणि 2010 मध्ये कंपनीने तो बंद केला. विजेतेपदाला चार-पाच वर्षंही झाली नव्हती. पण त्याआधी अठ्ठेचाळीस वर्षं त्या संघाने कित्येकांची चूल पेटती ठेवली, हेही खरंच. कंपनी पोट भरते. फक्त निघून जाताना ती गावाला विचारत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला कोल्हापूर. तिथे फुटबॉल तालमींचा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. ज्या आखाड्याने कुस्ती दिली त्याच आखाड्याच्या नावाने फुटबॉल आला. 1940 पासून कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन त्याचा कारभार पाहते. राजर्षी शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतली कामं लवकर उरकली जातात. तालीम दुसऱ्या शहरात हलवता येत नाही. पेठ कशी हलवणार? तिथला एखादा धनिक मागे सरला तरी तालीम उरते. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला.

आपल्या वऱ्हाडात या जातीची सर्वांत मोठी संस्था म्हणजे अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. 1914 मध्ये अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी ते सुरू केलं. 1936 मध्ये मंडळाची मुलं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली. लीग नाही, जाहिरात नाही, तरी शंभर वर्षं उलटली. वऱ्हाडातल्या कितीतरी घरांतला कुणी ना कुणी तिथे शिकून शाळेत पी. टी. मास्तर झाला. ते मंडळ उद्या कुणी गुंडाळायचं म्हटलं, तर विचारायला येणारी माणसं गावोगाव निघतील.

आता अकोटचं पाहू. थंडीत कबड्डीचे खुले सामने लागतात. चुन्याच्या रेषा, चार बाजूंना हॅलोजन, माईकवर न थांबणारा एक जण. त्याआधी महिनाभर मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन फिरतात. पानठेलेवाला एक्कावन्न देतो, कृषी केंद्रवाला पाचशे, अडत्या जरा जास्त. सामन्याच्या रात्री तोच पानठेलेवाला रेषेला चिकटून बसतो आणि ओरडतो, “अबे, त्या रेडरले बाहीर काढा नं! दम सुटून राह्यला त्याचा.” त्याला कुणी गप्प बसवत नाही. त्याच्या खिशात पावती आहे. मला वाटतं, मालकीची सगळ्यात खरी खूण हीच: चुकलं तिथे ओरडायचा हक्क आणि तो ऐकून घेणं भाग असलेली कमिटी.

मग एखाद्या वर्षी मोठा देणगीदार येतो. लाखाचं बक्षीस, भलामोठा फ्लेक्स, त्यावर त्याचाच चेहरा. पावतीपुस्तक छापायची गरज उरत नाही. पोरांना बरंच वाटतं, घरोघर हात पसरावे लागत नाहीत. निवडणूक होते, देणगीदाराचं काम निघून जातं आणि पुढल्या थंडीत मैदानावर चुनाही पडत नाही. कुणी विचारत नाही, कारण त्या वर्षी कुणाचे एक्कावन्न रुपये गेलेलेच नसतात. पुण्यात चार क्लब बुडाले ते याच हिशेबाने, फक्त रक्कम कोटींत होती.

आपलेपणाची दुसरी बाजूही पाहायला हवी. कोल्हापुरात गॅलरीतल्या हाणामाऱ्यांपायी सामने थांबवावे लागले आहेत. 1 ऑक्टोबर 2022 ला इंडोनेशियातल्या मलंगच्या कांजुरुहान मैदानावर अरेमा संघ घरच्या मैदानावर पर्सेबायाकडून हरला, प्रेक्षक मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि दारांशी झालेल्या चेंगराचेंगरीत 135 जीव गेले. ‘आमचा क्लब’ म्हणणाऱ्यांना संस्था चालवायलाही शिकावं लागतं आणि पोलिसांना गर्दी हाताळायला. नुसत्या प्रेमाने पगारही होत नाहीत. इंडोनेशियातल्या शहरांचे क्लब अनेक वर्षं सरकारी तिजोरीवर चालले. आपल्याकडे नगरपालिकेने संघ पोसावा तसं. 2011 मध्ये त्यांच्या गृह खात्याने व्यावसायिक क्लबांना असा पैसा द्यायला बंदी केली. त्यानंतर कंपन्यांकडे जाण्यावाचून इलाज नव्हता.

पर्सेबायाही गेला. त्याचा मोठा वाटा आज एका कंपनीकडे आहे, पण उरलेला वाटा सहकारी संस्थेच्या नावावर आहे. जर्मनीत तर नियमच आहे की क्लबच्या मतांत सभासदांचा वाटा निम्म्याहून जास्त हवा. पैसेवाल्याने पैसे घालावेत, पण क्लब उचलून नेऊ नये. सहकाराच्या नावाने ज्या महाराष्ट्रात इतकं उभं राहिलं आणि इतकं बुडालंही, त्याला ही मांडणी अवघड वाटायचं कारण नाही.

मोठा पैसा नाकारण्याची ऐपत आपल्या गावांना नाही आणि नाकारूही नये. खेळणाऱ्या पोरांना किट लागतं, गाडीभाडं लागतं. पण देणगीदार दारात आला म्हणून पावतीपुस्तक बंद करायचं नाही. मंडळाची नोंदणी गावातल्या सभासदांच्या नावाने असावी, वर्षाचा हिशेब सभेत मोठ्याने वाचला जावा आणि एक्कावन्न रुपयेवाल्यालाही तिथे उभं राहून प्रश्न विचारता यावा. अशा मंडळाला कुणी गुंडाळू पाहिलं, तर गावात शंभर जण तरी भांडायला उठतील. बक्षिसाच्या रकमेपेक्षा मला या शंभरांची संख्या जास्त महत्त्वाची वाटते.