जुनी चाकोरी

बसवकल्याण तालुक्यातील कोहिनूरसारख्या सीमेवरच्या गावांत पुष्कळ मुले घरी मराठी, शाळेत कानडी व बाजारात उर्दू बोलतात. कोठे कोणती भाषा, ह्याचा त्यांना विचार करावा लागत नाही. आणि अशाच गावात एखादा गृहस्थ दारू सोडण्याची शपथ घेतो, तरी संध्याकाळ झाली की त्याचे पाय गुत्त्याकडे वळतात. ह्या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच कारण आहे.

आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. एक पेशी दुसरीला जेथे निरोप देते, त्या जोडास 'सिनॅप्स' म्हणतात. १९४९ साली डोनाल्ड हेब ह्यांनी असे मांडले की, एक पेशी दुसरीला वारंवार चेतवू लागली म्हणजे त्यांचा जोड बळकट होतो. पुढे एरिक कँडेल ह्यांनी समुद्री गोगलगायीवर प्रयोग करून दाखविले की, थोड्या शिकवणीने असलेले जोड बदलतात व पुनःपुन्हा शिकविल्यास नवे जोड फुटतात. त्यांना इतर दोघांसमवेत २००० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या भाषेत ह्यास सुंदर शब्द आहे : चाकोरी. गाडी रोज एकाच वाटेने गेली म्हणजे चाकांनी जमिनीत चर पडतो. मग बैल वळविणे कठीण जाते.

तर मग चाकोरीत अडकलेल्याला दोषी धरावे काय? मुळीच धरू नये, असे म्हटले तर पश्चात्ताप हा शब्दच पोकळ होतो. सगळा दोष त्याच्यावर टाकावा, तर पौलाने रोमकरांस पत्राच्या ७ व्या अध्यायात सांगितलेली ओढाताण आपणांस समजलीच नाही. आम्हांस असे वाटते की, चर त्याच्याच चाकांनी खोल झाला, म्हणून जबाबदारी सुटत नाही; पण लहानपणी गाडी त्या वाटेला लावणारे पुष्कळदा आपण वडीलधारेच असतो. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

आणखी एक गोष्ट. नवी वाट पडली तरी जुनी पुसली जातेच असे नाही. पाव्हलॉव ह्यांच्या कुत्र्यांतही विझलेली सवय काही काळाने आपोआप पुन्हा डोके वर काढी. म्हणून सहा महिने न प्यालेला भाऊ एके दिवशी पडला, तर त्याचा पश्चात्ताप ढोंगी होता असे मंडळीने ठरवू नये. क्षमा किती वेळा करावी, ह्या पेत्राच्या प्रश्नाला प्रभूने दिलेले उत्तर आपण जाणतोच.

नवी चाकोरी एका उपदेशाने पडत नाही. ती रोजच्या जाण्यायेण्याने पडते. तेव्हा वाचकहो, संध्याकाळी त्याच्या दारी जाऊन त्याला सोबत घेऊन फिरावयास कोण निघेल?