काय होते ते सांगा



या वेळी मोटारगाडीविषयी लिहितो आहे, याचे आपणांस नवल वाटेल. गाडीतले मला फारसे कळत नाही. पण एका गाडीच्या आवाजाने मला एका प्रश्नापाशी बसवून ठेवले आहे आणि तो प्रश्न गाडीचा नाही. मनात खोट नसताना, अगदी खरे वाटले म्हणून आपण एखाद्याला दोषी ठरवले आणि ते चुकीचे निघाले, तर ती नुसती चूक म्हणायची की अपराध?

हकिगत सांगतो. गेल्या आषाढीला माझा भाचा आमच्या दिंडीबरोबर माझी जुनी गाडी घेऊन गेला. दिंडीतली दोन-तीन माणसे वयस्कर होती, औषधेपाणी होते. मी हौसेने किल्ली दिली. पंढरपूरहून तो परत आला. दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली, तर साठाच्या पुढे वेग गेला की घूं-घूं असा आवाज, आणि बसायच्या जागेखाली बारीक थरथर. गाडी देताना असे काही नव्हते, निदान मला तसे वाटत होते. दिवे घाट, जेजुरीच्या पुढचे रस्ते, पावसाने पडलेले खड्डे सगळे डोळ्यांपुढे आले. पोराने गाडी कुठेतरी आपटली, असा माझा निकाल घराच्या फाटकापर्यंत येईतो लागलाही होता.

त्या आठवड्यात बहिणीकडे जेवण होते. दहा माणसांच्या पंगतीत मी म्हणालो, "गाडी दिली धडकी, परत आली मोडकी." लोक हसले. भाचा म्हणाला, "मामा, मी कुठेही आपटली नाही." मी म्हणालो, "अरे, झालं ते झालं, पण कबूल तरी करावं." तो पुढे काही बोलला नाही. त्याचे गप्प बसणे मी कबुलीत धरले.

मग गाडी एका गॅरेजात नेली. तिथे मी काय सांगितले, ते नीट पाहा. आवाज कधी येतो, कुठून येतो, हे मी सांगितलेच नाही. "पुढचं काहीतरी खड्ड्यात आपटून गेलंय," एवढेच सांगितले. त्यांनी बिचाऱ्यांनी पुढची चाके काढली, बॅलन्सिंग केले, अलाइनमेंट केले, खालचा एक सांधा बदलला. पैसे गेले, आवाज राहिला. मी त्यांनाही नावे ठेवली. पण त्यांना पुढे बघायला लावले होते कुणी?

दुसरे एक वयस्कर मिस्त्री भेटले. मी पुन्हा तीच कथा सुरू केली. त्यांनी हात वर केला. "काका, काय झालंय ते मी बघतो. काय होतंय तेवढं तुम्ही सांगा."

आणि मला सांगता येईना! आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो की गाडीच्या वेगाबरोबर? ब्रेक दाबल्यावर फरक पडतो का? थरथर स्टिअरिंगला जाणवते की आसनाला? ज्याच्या जोरावर मी एका माणसाला दोषी ठरवले होते, तो आवाज मी धड ऐकलाही नव्हता.

ते मला शेजारी बसवून मोकळ्या रस्त्यावर घेऊन गेले. साठाच्या वेगात त्यांनी गाडी न्यूट्रल केली. इंजिन शांत झाले, पण घूं-घूं तशीच राहिली. म्हणजे इंजिन त्यातून सुटले. डांबरी रस्ता संपून काँक्रीटचा लागला. टायरचा आवाज असता तर तो रस्त्याप्रमाणे बदलला असता. हा फारसा बदलला नाही. स्टिअरिंग स्थिर होते, थरथर आसनाखाली होती, म्हणून लक्ष मागे गेले. डाव्या वळणावर आवाज चढला, उजव्या वळणावर उतरला. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर येतो, तेव्हा संशय उजव्या बाजूवर आला. गॅरेजात मागचे उजवे चाक जॅकवर उचलून त्यांनी हाताने फिरवले आणि माझा हात वरच्या स्प्रिंगवर ठेवला. हाताला खरखर लागली. डाव्या चाकाची स्प्रिंग गुळगुळीत. कानाने मी आवाज पुढून येतो म्हणत होतो. पत्र्यातून आवाज कुठल्या कुठे जातो, म्हणून ते कानापेक्षा हातावर विसंबले.

बेअरिंग काढले. आतले ग्रीस तपकिरी, पाणी लागलेले. गोळ्यांवर आणि कड्यावर गंजाचे खड्डे. मिस्त्री म्हणाले, "आपटून गेलं असतं तर कड्यावर गोळ्यांच्या अंतरानं ठसे दिसले असते. हे पाण्याचं काम आहे, आणि जुनं आहे. गाडी पाण्यातून काढली होती का कधी?"

काढली होती. मीच. आदल्या भाद्रपदात ओढ्याच्या फरशी पुलावर अर्ध्या चाकाएवढे पाणी असताना, मागे थांबलेल्या लोकांना धाडस दाखवण्यासाठी. पाणी आत शिरले, गंज धरला आणि आवाज रोज कणाकणाने वाढत गेला. रोजच्या कानाला तो ऐकू येत नव्हता. त्यात मी गाडीत भजने मोठ्याने लावणारा. वीस दिवस गाडीपासून दूर राहिलो, म्हणून परत आल्यावर ऐकू आला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली. आपल्या शास्त्रकारांनी याला काकतालीय न्याय असे नाव देऊन ठेवले आहे. शाळेत मुलांना तो शिकवण्यात माझा जन्म गेला.

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली विश्वासाच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुने झाले आहे, शंका येते. पण तो मनाची समजूत घालतो आणि खऱ्या विश्वासाने जहाज पाठवतो. जहाज बुडते. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक असला तरी तो दोषी आहे, कारण हाती असलेल्या पुराव्यावर तसा विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकार नव्हता. आणि जहाज सुखरूप पोचले असते तरी तो तितकाच दोषी.

मला हे पूर्वी फार कडक वाटे. प्रत्येक गोष्ट तपासून बोलायचे तर संसार कसा चालेल? भाजी ताजी आहे, पाऊस येणार आहे, ही विधाने आपण अंदाजानेच करतो. अजूनही मला वाटते की वस्तूबद्दल अंदाज करायला हरकत नाही. त्यात पैसे जातात, खेप फुकट जाते. पण माझा अंदाज गाडीबद्दल असल्यासारखा दिसत होता आणि पडला माणसावर. तिथे मला क्लिफर्डपुढे बचाव सापडत नाही. माझ्या मनात कपट नव्हते हे खरे, पण शोध घेण्याची इच्छाही नव्हती. कारण दुसऱ्याचा दोष सापडला की शोध संपतो आणि बरे वाटते. आपला असता तर मी इतक्या लवकर थांबलो असतो का? आपणही आठवून पाहा.

बदललेल्या बेअरिंगची पावती खिशात घालून मी बहिणीकडे गेलो. पंगतीतली सगळी माणसे काही जमवता आली नाहीत. चार होती, त्यांच्यासमोर सांगितले. भाचा म्हणाला, "मामा, सासवडच्या मुक्कामावरून मी तुम्हाला फोन केला होता. मागून आवाज येतोय म्हणून. तुम्ही म्हणालात, जपून चालव."

फोन आला होता. त्याने सांगितल्यावर आठवला.

यंदा ज्येष्ठ लागला तसा मीच त्याला विचारले, गाडी कधी न्यायची? "दिंडीनं या वेळी टेम्पो ठरवलाय, मामा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. मी किल्ली पुन्हा खिळ्याला अडकवली.