दहा कार्डे देऊन एक कार्ड



मागच्या नाताळात मिस्सा संपल्यावर आपल्या चर्चच्या आवारात एक सौदा झाला. मोठी माणसे गव्हाणीच्या देखाव्याजवळ एकमेकांना शुभेच्छा देत होती, करंज्यांचे आणि केकचे डबे उघडत होते. मागे कडुनिंबाच्या ओट्यावर दोन मुले बसली होती. एक माझा तेरा वर्षांचा नातू. दुसरा आठ वर्षांचा, आमच्या शेजारच्या ताईंच्या मुलीचा मुलगा, कॅनडाहून सुट्टीत आलेला. माझ्या नातवाने त्याला क्रिकेटपटूंची दहा कार्डे दिली आणि त्याच्याकडून आइस हॉकीच्या खेळाडूचे एक चकचकीत कार्ड घेतले. एकाच्या बदल्यात दहा! तो लहानगा उड्या मारत आईकडे पळाला. माझा नातूही खूश होता.

संध्याकाळी घरी खरी गोष्ट कळली. ती दहाही कार्डे नातवाकडे दोन-दोन, तीन-तीन होती. आणि हॉकीचे ते एक कार्ड त्याने सौद्याआधीच मोबाइलवर शोधून पाहिले होते. आपल्या पैशांत त्याची किंमत अडीच हजारांच्या आसपास निघत होती.

मी रागावलो. तो मात्र शांतपणे म्हणाला, "आजोबा, मी खोटं कुठी बोललो? त्यानं किंमत विचारली नाही. त्यानंच तर हो म्हटलं. तो खूश, मी खूश. मग वाईट कोणाचं झालं?"

खरे सांगतो, त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. पुढे कित्येक दिवस मी त्यावर विचार करत राहिलो.

ही कार्डे काय असतात, ते आधी सांगतो. कॅनडात बर्फावरची हॉकी म्हणजे आपल्याकडचे क्रिकेटच. तिथे टिम हॉर्टन्स नावाची कॉफीची दुकाने गावोगावी आहेत. टिम हॉर्टन हा स्वतः हॉकीचा नामांकित खेळाडू. १९६४ मध्ये हॅमिल्टन शहरात त्याच्या नावाने पहिले दुकान निघाले. २०१५ पासून या दुकानांत हंगामाच्या वेळी खेळाडूंच्या कार्डांची पाकिटे विकली जाऊ लागली. त्याआधी १९९१ पासून तिथल्या मॅकडोनाल्ड्समध्येही अशी कार्डे मिळत असत. पाकीट बंद असते. आत कोणाचे कार्ड निघेल, हे फोडल्याशिवाय कळत नाही. साधी कार्डे पुष्कळ, चकाकणारी थोडी, आणि काही तर फारच दुर्मीळ.

आपल्याला हे नवे नाही. बबलगमच्या वेष्टनातली क्रिकेटपटूंची चित्रे आपल्यापैकी अनेकांनी जमवली आहेत. १९९९ च्या विश्वचषकाच्या वेळी 'ब्रिटानिया खाओ, वर्ल्ड कप जाओ' या योजनेत बिस्किटांच्या पुड्यांवर धावा छापलेल्या असत आणि घरोघरी मुले रिकामी वेष्टने मोजत बसत. जमवणे हा मुलांचा स्वभावच आहे. त्यात मला काही वाईट दिसत नाही. एकेक कार्ड मिळवणे, जपणे, मित्राशी अदलाबदल करणे, यातून मूल वाट पाहायला शिकते आणि बोलणी करायलाही शिकते. प्रश्न जमवण्याचा नव्हता, त्या अदलाबदलीचा होता.

विचार करताना मला माझे वडील आठवले. ते कापूस पिकवणारे होते. जुन्या बाजाराच्या गोष्टी ते सांगत. दलाल आणि व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटे दाबत आणि त्या बोटांच्या भाषेत भाव ठरे. शेतकरी शेजारी उभा असे, माल त्याचा असे, पण भाव काय ठरला हे त्याला दिसत नसे. शेवटी त्याला एक आकडा सांगितला जाई आणि तो मान हलवी. म्हणजे संमती होती. कोणी खोटेही बोलले नव्हते. कधीकधी तर घरी जाताना तो खूशही असे, कारण खरा भाव त्याच्या कानावर आलेलाच नसे. वडील म्हणत, "भाव माहीत नसलेल्याचा माल घेणं म्हणजे झोपलेल्याच्या खिशात हात घालणं होय."

आपल्याच वऱ्हाडात कारंज्याला १८८६ मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडातील कापूस व धान्याच्या बाजारांसाठी कायदा झाला. त्यामागे इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस हवा, हा सरकारचा हिशेबही होता. तरी त्यातून एक तत्त्व मान्य झाले, की नुसती मान हलली म्हणजे व्यवहार चोख झाला असे नाही. माप आणि व्यवहार सर्वांच्या डोळ्यांसमोर असला पाहिजे.

हा प्रश्न मात्र त्याहून कितीतरी जुना आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या सिसेरो या विचारवंताने एक उदाहरण मांडले. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी धान्याचे जहाज घेऊन तिथे पोहोचतो. मागून आणखी जहाजे येत आहेत, हे त्याला ठाऊक आहे, बेटावरच्या लोकांना नाही. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढा भाव घ्यावा? सिसेरोचे मत पडले, की सांगावे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी अशाच प्रसंगावर थोडे वेगळे उत्तर दिले. पुढे भाव उतरेल हे सांगणे न्यायाने त्याच्यावर बंधनकारक नाही, पण सांगितले तर तो अधिक मोठा सद्गुण. म्हणजे व्यापाऱ्याच्या माहितीला आणि मेहनतीला मोल आहे, हे त्यांनी नाकारले नाही. अकोल्यात घेतलेला माल मुंबईत चढ्या भावाने विकणारा माणूस तेवढ्याने पापी ठरत नाही.

परंतु दुसऱ्या एका प्रश्नावर संत थॉमस फार स्पष्ट आहेत. समजा, विकणाऱ्याला आपली वस्तू पितळेची वाटते आणि ती निघते सोन्याची. घेणाऱ्याला हे माहीत असून तो पितळेच्या भावाने घेतो. ते म्हणतात, हा व्यवहार अन्यायाचा आहे आणि घेणाऱ्याने भरपाई केली पाहिजे. हे वाचताना मला आपला कडुनिंबाखालचा ओटाच डोळ्यांसमोर दिसला.

नातवाच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडले. तो खोटे बोलला नाही, हे खरे. पण त्याचा फायदा त्याच्या कष्टातून आला नव्हता, समोरच्याच्या अज्ञानातून आला होता. आणि लहानगा खूश होता तो झालेल्या सौद्यावर नव्हे. त्याला जो वाटला त्या सौद्यावर. अशा वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: मला माहीत आहे ते सगळे मी त्याला सांगितले असते, तरी तो हो म्हणाला असता का? उत्तर 'नाही' असेल, तर ती संमती आपण मिळवलेली नाही, उचललेली आहे.

इतके कळले, तरी नातवाला बोलावून चार शब्द सुनवायला माझी जीभ वळेना. त्याला कारण आहे. अकोल्यात शाळेत असताना मी पोस्टाची तिकिटे जमवत असे. माझ्या एका वर्गमित्राचे काका आफ्रिकेत होते. त्यांच्या पत्रावरचे एक जुने तिकोनी तिकीट मी त्याच्याकडून वीस साध्या भारतीय तिकिटांच्या बदल्यात घेतले. त्याची किंमत मी वाचनालयातल्या पुस्तकात आधीच पाहून ठेवली होती. "माझ्याकडं हे नाही, म्हणून घेतो," एवढेच मी त्याला म्हणालो होतो. तेही खरेच होते. पन्नासहून अधिक वर्षे ते तिकीट माझ्या वहीत आहे. कोणाला दाखवताना मी ते पान पटकन उलटतो.

आणखी एक गोष्ट मनात आली. त्या दोन मुलांच्या आधी एक तिसरा माणूस या सौद्यात होता, तो म्हणजे पाकीट विकणारा. कोणते कार्ड थोडे छापायचे हे त्याच्या छापखान्यात ठरते. किती पाकिटांमागे एक दुर्मीळ कार्ड, हे काही कंपन्या पाकिटावर छापतात, ही चांगली गोष्ट. पण आठ वर्षांच्या मुलाला त्या आकड्याचा अर्थ किती कळणार? ऑगस्ट २०२५ मध्ये जपानच्या मॅकडोनाल्ड्सने मुलांच्या जेवणाबरोबर पोकेमॉनची कार्डे दिली. पुढे विकून पैसे करता येतील म्हणून मोठ्या माणसांनीच ढिगाने जेवणे विकत घेतली, कार्डे काढून घेतली आणि अन्न तसेच टाकून दिले. कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. दुष्काळ पाहिलेल्या आपल्या वऱ्हाडी माणसाला ते टाकलेले अन्न जास्त बोचते. आपल्या देशातही जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत असे म्हटले आहे, की भेटवस्तूचे आमिष दाखवून मुलांना गरज नसलेल्या वस्तू घ्यायला लावणाऱ्या जाहिरातींना आळा बसावा.

अमेरिकेत १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांत बेसबॉलच्या खेळाडूंची कार्डे येत. होनस वॅग्नर या खेळाडूचे कार्ड लवकरच बंद झाले. मुलांनी आपल्या चित्रासाठी तंबाखू घेऊ नये म्हणून त्याने नकार दिला, असे अनेकजण सांगतात. काही म्हणतात, वाद पैशांचा होता. खरे काहीही असो, ते कार्ड इतके दुर्मीळ झाले, की २०२२ मध्ये त्यातले एक ७२ लाख ५० हजार डॉलरला विकले गेले. बाजाराने त्या नकारालाही किंमत लावली!

असो. मी नातवाला रागावलो नाही. तिकिटांची वही काढली आणि त्याला ते तिकोनी तिकीट दाखवून सगळी हकिगत सांगितली. त्याने एवढेच विचारले, "मग तुम्ही वापस का नाही केलं?" याही प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

पाहुणे निघण्याच्या आदल्या दिवशी तो आपण होऊन शेजारी गेला. कार्डाची खरी किंमत त्याने लहानग्याला आणि त्याच्या आईला सांगितली. तुम्हांला वाटेल, लहानगा म्हणाला असेल, "राहू दे, तुलाच घे." तसे काही झाले नाही. त्याने लगेच आपले कार्ड परत घेतले आणि दहाही कार्डे परत दिली. नातू पडलेल्या चेहऱ्याने घरी आला. खरे बोलण्याची किंमत त्या दिवशी अडीच हजार रुपये होती आणि ती त्याने भरली.

तासाभराने तो लहानगा आमच्या दारात उभा होता. त्याला त्या दहांतली तीन कार्डे आवडली होती. बदल्यात त्याने हॉकीची तीन साधी कार्डे आणली होती. दोघांनी ओसरीवर बसून एकेक कार्ड नीट पाहिले, कोणता खेळाडू काय करतो ते एकमेकांना सांगितले, मग अदलाबदल केली. ती तीन कार्डे आज नातवाच्या टेबलावर उभी आहेत. कोणी आले की तो ती स्वतःहून दाखवतो.

माझा वर्गमित्र अकोल्यातच असतो, असे चौकशीअंती कळले आहे. येत्या आठवड्यात मी बडनेऱ्याहून गाडी धरणार आहे. वही बरोबर नेणार आहे. तो काय म्हणेल ते म्हणो.

आपल्याही घरात कोणाची अशी एखादी वही असेल, एखादा जुना सौदा असेल, जमिनीचा, दागिन्याचा किंवा भावाभावांतल्या वाटणीचा. ते पान पटकन उलटू नका. थोडा वेळ त्यावर थांबा.