मोरीच्या पाण्यावरचं अळू

पावसाळा सरला की आमच्या उत्तरेच्या भिंतीवर शेवाळ काळं पडतं. दिवाळीला रंग द्यायचा तर आधी ते निघायला हवं. पूर्वी आम्ही काथ्यानं घासायचो. आता पोरं शहरातून ब्लीचचा कॅन आणतात, पंपानं मारतात, घटकाभरात भिंत उजळते. सोय आहे, नाही म्हणत नाही.

पण भिंतीवरून उतरलेलं पाणी जातं कुठं? आमच्या मोरीचं पाणी पाटानं शेजारच्या वहिनींच्या परड्यात जातं. त्यांचं अळू आणि केळ त्याच पाण्यावर पोसलंय. थोरला म्हणाला, "अळूच ना आबा? जळलं तर चार कंद आणून देऊ."

हिशेब म्हणून पोराचं खरं आहे. पण भरून देता येतं म्हणून नासायचा हक्क मिळतो का? आणि हे अळू आपल्याच पाण्याच्या भरवशावर उभं आहे. माणूस वास आला की नाक दाबून बाजूला होतो. झाडाला पाय नाहीत. आपण रोज ज्या वाटेनं पाणी दिलं, त्याच वाटेनं ब्लीच सोडायचं, हे मला तरी विश्वासघातासारखं वाटतं. शेतात आपण टू-फोर-डी मारताना वारा बघतो, कारण शेजाऱ्याची द्राक्षं, कापूस त्यानं वाकडी होतात. मग घर धुताना उतार का बघू नये?

शेवाळही जीवच आहे, ते आपण मारतोच, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. त्याचं उत्तर माझ्याकडं पुरतं नाही. भिंत राखायची तर ते काढावं लागतं, एवढंच मला कळतं. अळूनं भिंतीचं काहीच बिघडवलेलं नाही.

काम काही अवघड नाही. पाटाच्या तोंडाशी मातीचा बांध घालायचा, पाणी रिकाम्या जागी खड्ड्यात घ्यायचं. भिंतीलगतची झाडं आधी साध्या पाण्यानं पानं-मुळं धरून चिंब भिजवायची, म्हणजे तहानलेली माती औषध ओढत नाही. वर ओलं गोणपाट टाकायचं. प्लास्टिक टाकलं तर काम होताच काढायचं, नाहीतर उन्हात झाड आतल्या आत उकडतं. सकाळी, वारा पडलेला असताना मारायचं, डब्यावर लिहिलंय त्याहून कडक नाही. नंतर भिंत आणि पानं दोन्ही भरपूर धुवायची. ब्लीचचा वास उडून जातो, पण मागं मीठ राहतं, आणि चोपण रान बघितलेल्याला मीठ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ब्लीचमध्ये ॲसिड तर चुकूनही मिसळायचं नाही, त्याच्या वाफेनं माणूसच गुदमरतो.

एवढं करूनही वहिनींना विचारायला मी स्वतः गेलो. परडं त्यांचं आहे. त्या म्हणाल्या, "थांबा भावजी, तेवढी पानं खुडून घेते." पोरगं पंप पाठीवर घेऊन तासभर धुसफुसत उभं होतं. दुपारी त्यांच्याकडून अळूच्या वड्या आल्या, त्यातल्या निम्म्या त्यानंच खाल्ल्या.