अनंत कोटी ब्रह्मांडे कोणी मोजली?

गेल्या कार्तिकात पुसद तालुक्यातील एका गावी काकड्याच्या समाप्तीचे कीर्तन होते. बुवा रंगात आले होते. अनंत कोटी ब्रह्मांडांचा नायक विटेवर उभा आहे, हे सांगता सांगता ते म्हणाले, "आज विज्ञानही हेच म्हणते. संतांनी सातशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवले!" टाळ्या पडल्या, त्यांत आमच्याही होत्या. इतक्यात टाळकऱ्यांतला एक पोरगा बोलला, "बुवा, पन ते मोजले कोनं?" बुवांनी गजर धरला. प्रश्न तसाच राहिला, आणि घरी आल्यावर आम्हांला झोप येऊ देईना.

विज्ञान म्हणते तरी काय? १९८०च्या सुमारास अॅलन गुथ यांनी मांडले की, आरंभीच्या क्षणाच्या अतिसूक्ष्म अंशात विश्व दुप्पट, पुन्हा दुप्पट असे भराभर फुगले. आकाशाच्या दोन टोकांचे तापमान इतके सारखे कसे, हे कोडे त्याने सुटते. पुढे लिंडे आदींनी म्हटले, हे फुगणे सगळीकडे एकदम थांबत नाही. जेथे थांबले तेथे एक बुडबुडा, म्हणजे एक विश्व, आपलेही त्यांतलेच. पण आधणातले बुडबुडे डोळ्यांना दिसतात. येथे मधली जागाच अशी ताणत जाते की, शेजारच्याचा उजेड आपल्यापर्यंत बहुधा पोचायचाच नाही. तेव्हा पोराला खरे उत्तर हेच की, कोणी मोजली नाहीत. हा गणितातून निघालेला तर्क आहे, आणि कित्येक मोठे शास्त्रज्ञ त्याला शास्त्र म्हणायलाही तयार नाहीत.

आपल्या कोल्हापूरचे जयंत नारळीकर यांनी हॉईल यांच्यासह १९६६ सालीच बुडबुड्यासारख्या विश्वाची एक कल्पना मांडली होती. म्हणजे गुथ यांच्या आधी! महास्फोट त्यांना २०२५ साली देह ठेवीपर्यंत पटला नव्हता. तरी पुण्यात १९८८ साली त्यांनी उभारलेल्या 'आयुका'त महास्फोट मानणारेही सुखाने काम करीत.

दुसरी गोष्ट २०१४ सालची. दक्षिण ध्रुवावरील दुर्बिणीला त्या फुगण्याची खूण सापडली, असे मार्च महिन्यात जाहीर झाले. जगभर आनंद झाला. वर्षाच्या आत कळले की, ती खूण बव्हंशी आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीची. ज्यांनी जाहीर केले त्यांनीच पुन्हा तपासून तसे सांगितले.

आता आम्ही काय करायचे? देवाची थोरवी वाढावी म्हणून, न तपासलेले तपासले म्हणून सांगायचे? उद्या हा बुडबुड्यांचा तर्क मागे घेतला गेला, तर पांडुरंगालाही मागे घ्यायचे काय? संतांच्या तोंडी 'अनंत कोटी' हा आकडा नव्हेच. मोजणाराच जेथे विरतो तेथला तो शब्द. त्याला प्रयोगशाळेचा दाखला जोडणे म्हणजे संतांवर आपला विश्वास कमी पडतो, असेच आम्हांला वाटते. आणि देवळात बोललेले असत्य हे असत्यच, टाळ्या कितीही पडोत. आमची टाळी आम्हांला अजून टोचते आहे.

परवा तो पोरगा बाजारात भेटला. त्याला म्हटले, पैनगंगेपलीकडे हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ 'लायगो'ची वेधशाळा उभी राहायची आहे. सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. चार चार किलोमीटरच्या दोन भुजा. नामदेवरायांना विसोबा खेचर भेटले ते हेच औंढा, असे आपण मानतो.

"मंग तिथं ब्रह्मांडं मोजतीन का?"

"नाही रे. दूरची कृष्णविवरे एकमेकांवर आदळतात, त्यांचे तरंग टिपतील."

"मले पाह्यले नेसान?"

नागनाथाचे दर्शन घेऊन ती जागाही पाहायची, असे ठरले आहे. बुवांनाही विचारले. येतो म्हणाले.