अन्न की वर्दी?

२०२० च्या जूनमध्ये लोणारचे सरोवर गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हॅलोआर्किया या लवणप्रेमी सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवले. रंगाची चर्चा पुष्कळ झाली. मला मात्र या कुळाचे प्रकाशाशी असलेले नाते जास्त विलक्षण वाटते.

१९७१ मध्ये डीटर ओस्टरहेल्ट आणि वॉल्थर स्टोकेनियस यांना याच कुळातल्या हॅलोबॅक्टेरियमच्या जांभळ्या पेशीपटलात रेटिनल सापडले. हे आपल्या डोळ्यांतले, अ जीवनसत्त्वापासून घडणारे द्रव्य. एकपेशीय जीवाला ते कशासाठी? दोन वर्षांनी उत्तर आले, ते पाहण्याशी संबंधित नव्हतेच. ऊन पडले की पटलातले, रेटिनल बाळगणारे जांभळे प्रथिन पंपासारखे प्रोटॉन पेशीबाहेर ढकलते. प्रोटॉन परत आत शिरताना एटीपी हे पेशीचे ऊर्जाद्रव्य तयार होते. दाट खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन फार थोडा विरघळतो. तो कमी पडला की हा जीव उन्हावर तगतो. प्रकाश म्हणजे ऊर्जा, असे चित्र पक्के होऊ लागले.

पण १९७५ मध्ये हिल्डेब्रांट आणि डेंखर यांनी दाखवले की उजेड बदलला की या पेशींचे पोहणेही बदलते. हा पंपाचाच जोडपरिणाम असेल, अशी शंका स्वाभाविक होती. ती फिटली जॉन स्पुडिख आणि रॉबर्टो बोगोमोल्नी यांच्या कामाने: पंप नसलेल्या उत्परिवर्ती पेशीही उजेडाला प्रतिसाद देत होत्या. म्हणजे वर्दी देणारे प्रथिन वेगळे होते.

आणि ते किती हुशारीने घडले आहे! नारिंगी प्रकाशाने ते उत्तेजित होते आणि पेशी दिशा उलटवणे लांबवते, आहे त्याच वाटेने पोहत राहते. मात्र त्या उत्तेजित अवस्थेतच त्याच्यावर अतिनील किरण पडला, तर पेशी झटकन उलटी फिरते. रेणू एकच, पण त्याला पोषक ऊन आणि घातक ऊन यांतला फरक कळतो. ऑक्सिजन मुबलक असताना आणखी एक संवेदक कामाला येतो. तो निळ्या प्रकाशापासून पेशीला दूर नेतो, कारण तेव्हा उन्हाची गरज नसते, फक्त धोका असतो.

ऊर्जा मिळवणे आणि परिसर जाणणे या दोन निराळ्या क्षमता, असे आपण धरून चालतो. या जीवात त्यांच्यामधली भिंत फारच पातळ निघाली. नारिंगी संवेदकाला त्याची वर्दी पुढे नेणाऱ्या जोडीदार प्रथिनापासून तोडले, तर तो प्रोटॉन उपसू लागतो. उलट बाजूने २००६ मध्ये युकी सुडो आणि स्पुडिख यांनी जांभळ्या पंपातली फक्त तीन अमिनो आम्ले बदलून निळ्या संवेदकाच्या जोडीदाराशी त्याची गाठ घातली. तो पंप पेशीला प्रकाशाची वर्दी देऊ लागला.