मुक्या जिवांचे औषधपाणी



गेल्या महिन्यात गृहभेटीसाठी फिरत असताना आम्ही एका घरी गेलो. ओटीवर तीन कुत्रे होते. थोरल्याला मधुमेह, त्याला दर बारा तासांनी इन्सुलिन टोचावे लागते. मधल्या कुत्रीला फिट येते. तिची गोळी एकदम बंद केली तर झटके वाढतात. धाकटा रस्त्यावरून उचलून आणलेला, गोचीड तापातून नुकताच उठलेला. निरोप घेताना घरच्या बाई हळूच म्हणाल्या, "फादर, यांच्या औषधांना पैसा पुरत नाही. शेजारी म्हणतात, माणसांना औषध मिळत नाही आणि तुम्ही कुत्र्यांवर उधळता. आम्ही पाप करतो का?"

प्रश्न मनापासून विचारला होता; उंबरठ्यावर उत्तर देऊन चालण्यासारखा नव्हता.

कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २४१८) यावर दोन गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे माणसाला शोभत नाही. तसेच जो पैसा आधी माणसांचे दुःख हलके करण्यासाठी जायला हवा, तो प्राण्यांवर खर्च करणेही शोभत नाही. आपण मात्र सोयीचे अर्धेच वाक्य उचलतो. कुत्रेवाले पहिले, शेजारी दुसरे! कुत्रा न पाळून वाचलेला पैसा आपण कोणत्या रुग्णाला दिला, हे शेजाऱ्यांनीही स्वतःला विचारावे.

लिमा शहरातील संत मार्टिन दे पोरेस (१५७९–१६३९) मठातील आजाऱ्यांची सेवा करीत. भटक्या, जखमी कुत्र्यांचीही ते शुश्रूषा करीत आणि त्यांना बहिणीच्या घरी ठेवीत, असे त्यांच्याविषयी सांगतात. कुत्र्यांवरील मायेमुळे त्यांची माणसांची सेवा कमी झाली नाही.

पण दयेलाही हिशेब हवा. बुरूज बांधू इच्छिणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, असे प्रभू येशूने म्हटले आहे (लूक १४:२८). पिल्लू घरी आणताना आपण फक्त त्याचे डोळे बघतो. दहा-बारा वर्षांचे खाणे, लसी, म्हातारपणचे आजार कोण मोजतो? तिघांची औषधे जेमतेम भागत असताना चौथा आणला, तर आधीच्या तिघांच्या वाटचेच त्याला मिळते. म्हणून 'आता पुरे' म्हणणे हीसुद्धा दयाच आहे.

जे घरात आहेत त्यांची जबाबदारी मात्र टाळता येत नाही. गोचिडांचा वेळीच बंदोबस्त केला, लस चुकवली नाही, वजन आटोक्यात ठेवले, तर पुढचा बराच खर्च वाचतो. शासकीय पशुवैद्यकीय दवाखाना आहे. परळला प्राण्यांचे जुने धर्मादाय रुग्णालय आहे. माणसांच्या ताप-अंगदुखीच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने देऊ नयेत. त्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

आणि ऐपतीबाहेरचा उपचार सांगितला तर? माणसाच्या बाबतीतही असाधारण, अति जड उपचार बंधनकारक नाहीत, असे ख्रिस्तसभा शिकवते. मग कुत्र्यासाठी मुलांच्या फीचे पैसे मोडणे किंवा कर्ज काढणे देव आपल्याकडून मागत नाही. वेदना कमी करणारे औषध देऊन जवळ बसणे हीही सेवा आहे. यातनांशिवाय काहीच उरले नाही असे डॉक्टरांनी सांगितले, तर मुक्या प्राण्याला शांतपणे निरोप देणे पाप नव्हे. माणसाच्या बाबतीत असे कधीच करता येत नाही, हा भेद विसरू नये. मात्र खर्च नको म्हणून आजारी कुत्र्याला रात्री दूर नेऊन सोडणे, हा विश्वासघात आहे.

त्या बाईंना आम्ही म्हणू: बाई, तिघांना सांभाळा, तुम्ही पाप करीत नाही. चौथा आणू नका. आणि महिन्याच्या औषधांची चिठ्ठी घेऊन निघाल तेव्हा संत विन्सेंट डी पॉल संस्थेच्या पेटीत थोडे टाकत जा. आपल्याच धर्मग्रामात कुणाचे तरी इन्सुलिन त्यावर अवलंबून असेल.

तुमचे धर्मगुरू